आमचा भाचा दलाल झाला

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमचा भाचा पेढ्यांचा पुडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन घरी आला. "जय भीम मामा, जय भीम मामी" झाले आणि त्याने तो कागद आमच्यापुढे ठेवला. घर-जमिनीच्या व्यवहारात एजंट म्हणून काम करण्याचा महारेराचा नोंदणी दाखला होता तो. वर त्याचे पूर्ण नाव, खाली नंबर. आमच्या घराण्यात नोकरीचे कॉल लेटर आले आहे, बदलीचे आदेश आले आहेत, एकदा सस्पेन्शनचे पत्रही आले आहे. धंद्याचा परवाना मात्र पहिल्यांदाच आला.

मागोमाग आमची बहीण आली, ती तोंड पाडूनच. "दादा, बाई विचारतात पोरगा काय करतो. त्यांना काय सांगू? दलाल झाला म्हणून सांगू?"

तिचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. आपल्या चळवळीत हा शब्द फार वाईट अर्थाने रुळला आहे. निवडणुकीत समाजाची मते ज्याने विकली तो दलाल, असे आम्ही सभांमधून शंभर वेळा ऐकले आहे आणि रागाच्या भरात स्वतःही बोललो आहोत. पोरगा म्हणाला, "आई, एजंट म्हण." आम्ही म्हणालो, शब्दाला घाबरू नकोस. ज्याला घर घ्यायचे आहे आणि ज्याला द्यायचे आहे ते एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्या मध्ये कुणीतरी उभे राहावेच लागते. तो मधला माणूस कसा आहे, एवढाच काय तो प्रश्न. आणि तो प्रश्न आम्हांला चांगलाच ठाऊक आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

१९९६ सालची गोष्ट. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आम्ही कल्याणच्या पुढे एक वन रूम किचन बघितले होते. मधला माणूस स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायचा. तेच त्याचे ऑफिस. त्याच्या हातात आम्ही २५,००० रुपये टोकन ठेवले, त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहून दिले. पुढच्या पगाराला गेलो तेव्हा टपरी होती, चहावाला होता, तो माणूस नव्हता. तक्रार करायची तर कुणाकडे आणि कुणाविरुद्ध? त्याचे पूर्ण नावदेखील आम्हांला माहीत नव्हते. त्या काळी पानवाला, इस्त्रीवाला, वॉचमन, जो तो फावल्या वेळात घरे दाखवायचा. ते कर्ज फिटायला आम्हांला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत आमच्या घरात दिवाळी-दसरा राहू द्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणेही झाले नाही.

म्हणून भाच्याच्या हातातला नंबर बघून आम्हांला बरे वाटले. संसदेने २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा केला, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण आले. नोंदणी झालेल्या प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या मधल्या माणसालाही या कायद्याने नोंदणी सक्तीची केली. सुरुवातीला फी भरून कागद दिले की नंबर मिळत असे. २०२३ पासून महारेराने आधी प्रशिक्षण, मग परीक्षा आणि पास झाल्याचे प्रमाणपत्र असा क्रम लावून दिला. नोंदणी पाच वर्षांची असते. एकट्या माणसाला नियमाप्रमाणे फी १०,००० रुपये.

भाच्याने बी.कॉम. केल्यावर तीन वर्षे कुरियरच्या गोदामात काढली आहेत. पार्सलावरचे पत्ते वाचून वाचून अंबरनाथपासून टिटवाळ्यापर्यंतची गल्लीन् गल्ली त्याला पाठ. परीक्षेचा अभ्यास त्याने रात्रपाळीत केला. फीचे दहा हजार त्याच्या आईने बचत गटातून उचलले. तिचा दुसरा प्रश्न म्हणूनच असा होता, "हे पैसे परत कधी येणार?"

याचे उत्तर कुणी आधी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. या धंद्यात पगार नाही. हिशेब मांडून बघा. तीस लाखांचा फ्लॅट, दलाली एक टक्का धरली तर तीस हजार. गिऱ्हाईक दुसऱ्याने आणले असेल तर त्यातले निम्मे त्याचे. नवीन इमारत असेल तर बिल्डर दलाली लगेच देत नाही. ॲग्रीमेंट रजिस्टर होऊन गिऱ्हाइकाच्या कर्जाचे पैसे हाती आल्यावर तो बिल मागतो, मग त्यातून प्राप्तिकर कापतो, मग चेक देतो, आणि तेवढ्यात तीन-चार महिने निघून जातात. दरम्यान पेट्रोल, मोबाईल, चहा हे सगळे आपल्या खिशातून. दहा लोकांना घरे दाखवावीत तेव्हा एखादा विचारात पडतो. पावसात भिजत पाच मजले चढून दाखवलेले घर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परस्पर मालकाशी बोलून घेते, हेही होते. पहिल्या दोन महिन्यांत भाच्याची कमाई शून्य. आम्ही त्याला एकच अट घातली होती, गोदामाची रात्रपाळी सहा महिने सोडायची नाही. तो चिडला. त्याची मामी म्हणाली, "चिड, पण सोडू नकोस." ऐकले त्याने.

तिसऱ्या महिन्यात त्याला एक माणूस भेटला. कल्याणच्या बाहेर चार मजली इमारत उभी करीत होता. इतर ठिकाणी मिळेल त्यापेक्षा स्वस्त घर आणि दलाली प्रत्येक फ्लॅटमागे एक लाख रुपये. त्या माणसाने एकच गोष्ट मागितली, "तुझे लोक आण. विहारातली, वस्तीतली, तुझ्या मामाच्या ओळखीची. तुझ्या शब्दावर ती येतील." भाचा आमच्याकडे आला तो या यादीसाठी. आमच्याकडे विहाराच्या वर्गणीची वही असते, तीत दीडशे घरे आहेत. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, सफाई कामगार, कंपनीतले कंत्राटी. त्यातल्या निम्म्यांना स्वतःचे घर हवे आहे, आणि "आपला माणूस आहे" एवढ्यावर ते टोकन काढून देतील यात आम्हांला शंका नाही. आम्हीही १९९६ मध्ये दिले होते. तो टपरीवाला आपलाच होता, हे आम्ही वर सांगितले नाही.

आम्ही विचारले, "इमारतीचा महारेरा नंबर काय?"

"तो म्हणतो लागत नाही. छोटा प्लॉट आहे."

आता कायद्यात सूट आहे हे खरे. जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरे आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. पण पाच गुंठे झाले की पाचशे चौरस मीटर ओलांडले. सातबारा मागवला तर तो अकरा गुंठ्यांचा निघाला, आणि फ्लॅट मोजले तर चोवीस. भाचा गप्प झाला. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर एजंटाने विकून देऊ नये, असे त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात लिहिले आहे, जो कायदा वाचून तो पास झाला. दंड रोजचा दहा हजार, आणि तो चढत चढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

तरी त्या दिवशी आमच्या घरात भांडण झालेच. बहीण म्हणाली, "दादा, एक लाखात माझा गट फिटतो. सगळे तेच करतात." आम्ही डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींची आठवण दिली. तिथे तर महारेराचा नंबरही होता! पण पालिकेच्या परवानगीचे कागद खोटे तयार करून तो मिळवलेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी बँकेचे कर्ज काढलेले, हप्ते चालू, मुलांच्या शाळा तिथल्याच. त्या लोकांनाही कुणीतरी घर दाखवायला नेले असेल, लिफ्ट कुठे येणार ते सांगितले असेल, पेढे खाल्ले असतील. वर्गणीची वही आम्ही दिली नाही. भाचा न जेवता गेला.

आठ दिवसांनी आला तेव्हा त्याच्याकडे नवी जाड वही होती. एजंटाने व्यवहाराच्या वह्या-कागद ठेवले पाहिजेत असे कायद्यात आहे, पण त्याने आपल्या सोयीने एक रकाना वाढवला होता, "स्वतः काय पाहिले." म्हणजे नंबर महारेराच्या नोंदीत तपासला का, पालिकेत जाऊन बांधकामाच्या परवानगीची प्रत मिळवली का, सातबारा कुणाच्या नावावर, कोणती बँक त्या इमारतीला कर्ज देते. बँक नाही म्हणाली तर आपणही नाही म्हणायचे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर नंबराबरोबर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. तो गिऱ्हाइकाच्याच मोबाईलने गिऱ्हाइकालाच उघडायला लावतो. आणि वस्तीतल्या बायांना तो दोन गोष्टी सांगतो. एक, करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही, मागितले तर उठून या. दुसरी, राहते घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तीस लाखांवर तीस हजार वाचतात. आम्ही हे एका नवऱ्यासमोर सांगितले तर तो म्हणाला, "तीस हजार गेले तरी चालतील." असो.

इथवर सगळे कायद्याचे झाले. आता जे कायद्यात नाही ते.

व्हिजिटिंग कार्ड छापायचे ठरले. त्याच्या बरोबरीच्या एका जुन्या एजंटाने, चांगल्या मनाने, सल्ला दिला, "आडनाव टाकू नकोस. नुसते नाव आणि खाली प्रॉपर्टी कन्सल्टंट. धंदा आहे हा." आमचे आडनाव असे आहे की ते ऐकल्यावर पुढचे काही सांगावे लागत नाही. वरून पत्ता सिद्धार्थनगरचा. भाच्याने विचारले, "मामा, काय करू?"

आम्हांला बोलता येईना. १९८८ साली लग्नानंतर ठाण्यात भाड्याची खोली शोधताना आम्ही स्वतः अर्धे नाव सांगितले आहे. तीन ठिकाणी नकार आल्यावर चौथ्या ठिकाणी आडनाव गाळले. मालकाने पागडीसारखी अनामत ठरवली, चावी हातात दिली, आणि संध्याकाळी सामान घेऊन गेलो तर टेम्पोतला बाबासाहेबांचा फोटो बघून चावी परत मागितली. म्हणाला, "आमचे घर, आमची मर्जी." मंडळी टेम्पोत बसून होती. हे आम्ही आजवर लिहिले नव्हते.

बडोद्याला १९१७ साली बाबासाहेबांना पारशी नावाने धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले, हे आपल्या घरात मुलांनाही माहीत असते. त्याच्या पुढचे कमी लोक सांगतात. मुंबईला परत आल्यावर त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, सल्ला उत्तमच असणार. सल्लागार कोण जातीचा हे कळले तशी गिऱ्हाइके आटली आणि धंदा बंद झाला. मधल्या माणसाचे काम आपल्यातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाने करून पाहिले होते, आणि ते बंद पडले त्यात सल्ल्याची काही चूक नव्हती.

ही गोष्ट आम्ही भाच्याला सांगितली. त्याने ऐकले आणि हसून म्हणाला, "मामा, पण दाखल्यावर पूर्ण नाव आहे, आणि दाखला ऑफिसात लावायचा नियम आहे. कार्डावर गाळून काय उपयोग?" कार्डावर पूर्ण नाव आले. त्यापायी काही फोन पुन्हा आले नाहीत. किती, ते मोजण्याचा मार्ग नाही. ज्यांना काम व्हायला हवे होते ते आले.

पण खरा पेच उलट्या बाजूने आला. आजवर "कोणते लोक?" हा प्रश्न आपल्याला विचारला जायचा. आता मालक तो भाच्याला विचारतात, गिऱ्हाइकाबद्दल. "फॅमिली व्हेज आहे ना?" हा त्याचाच सभ्य अवतार. घराच्या कायद्यात बिल्डरच्या पैशांपासून चटई क्षेत्रापर्यंत सगळे आहे. जात-धर्म बघून घर नाकारू नये असे कलम त्यात नाही. भाड्याच्या व्यवहाराला तर तो कायदा लागूही पडत नाही. मालकाला दुखावले तर चावी जाते. प्रश्न गिळून गिऱ्हाइकाला "ते घर गेले हो" असे खोटे सांगितले तर आपण त्या टेम्पोसमोरच्या माणसाचे नोकर झालो. भाचा मालकाला म्हणतो, "भाडे वेळेवर येईल, कागद पक्के असतील, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली असेल. जेवणात काय असेल ते मी बघत नाही." निम्मे मालक फोन ठेवतात.

नवव्या महिन्यात त्याच्याकडे एक शिंपी आला. मुसलमान, बायको, दोन मुली, नऊ हजारांपर्यंत भाडे देण्याची तयारी. भाच्याच्या वहीत नेमकी एक खोली रिकामी होती. मालक आमच्याच ओळखीचे, विहारात आमच्या शेजारी बसणारे, निवृत्तीच्या पैशातून दुसरी खोली घेतलेले. भाच्याला वाटले, इथे तर प्रश्नच नाही. मालकाने भाडेकरूचे नाव ऐकले आणि म्हणाले, "तसले नको रे. आपली माणसे बघ."

"मामा, तुम्ही बोला," भाचा म्हणाला.

आम्ही गेलो. चहा झाला. पावसाचे, मुलांच्या नोकऱ्यांचे, विहाराच्या गळक्या पत्र्याचे बोलणे झाले. खोलीचा विषय काढायला आम्हांला अर्धा तास लागला, हे कबूल करतो. काढला तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अहो, आमचे घर, आमची मर्जी." त्यांना आमची १९८८ ची गोष्ट माहीत नव्हती. आम्ही तिथे बसूनच ती त्यांना सांगितली, टेम्पोसकट. ते ऐकत राहिले. त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. कुणी काही बोलले नाही, आणि आम्ही चप्पल घालून घरी आलो.

शिंप्याला भाच्याने तीन आठवडे फिरून दुसरी खोली मिळवून दिली. एका विधवा बाईंची आहे. त्यांनी फक्त विचारले, "मुली किती मोठ्या?" भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, तसे न करणारा मालक गुन्हेगार ठरतो, असे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे, बाईंना ते माहीत नव्हते, भाच्याने समजावून सगळे करून दिले. दलाली एका महिन्याचे भाडे घेण्याचा रिवाज. त्याने दोघांकडून अर्धे अर्धे घेतले. साडेआठ हजार. आईने ते गटात भरले आणि पासबुक आम्हांला दाखवायला आणले. बाकीचे दीड हजार अजून राहिले आहेत, असेही बजावून गेली.

त्या ओळखीच्या गृहस्थांची खोली रिकामीच आहे. रविवारी विहारात ते आता आमच्या दोन ओळी मागे बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी भाच्याला थांबवून विचारले, "आहे का रे कुणी?" तो म्हणाला, "आहेत, काका. घेऊन येऊ का?" ते म्हणाले, "बघू, कळवतो." भाच्याच्या वहीत त्या खोलीपुढचा रकाना अजून कोराच आहे.